नव्या संचात

१९७० साली अमेरिकेत निघालेल्या ‘टाइम अँड अ वर्ड’ या एलपीच्या कव्हरवर येस या इंग्लिश रॉक बँडचे पाच जण दिसतात. त्यातला गिटारवाला आहे स्टीव्ह हाउ. आत रेकॉर्डवर मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत गिटार वाजते ती पीटर बँक्सची. हाउने त्यात एक तारसुद्धा छेडलेली नाही. झालं होतं असं, की रेकॉर्डिंग उरकलं आणि अल्बम बाजारात यायच्या आधीच बँक्सला डच्चू मिळाला. हाउ आला, आणि अमेरिकेतल्या कव्हरसाठी फोटो लागला तो नव्या संचाचा. चेहरा एकाचा, बोटं दुसऱ्याची.

‘नव्या संचात’ हे शब्द नाटकाच्या जाहिरातीत आपण इतक्यांदा वाचलेत, की त्यात काही खटकत नाही. नायिका बदलली, विनोदी पात्र बदललं, तरी नाटक तेच. प्रेक्षक तिकीट काढतो आणि फार तर मध्यंतरात वडा खाताना ‘आधीची जास्त बरी होती’ एवढं म्हणतो. रॉक बँडला ही सवलत नाही. तिथे गाणं रचणारा, ते वाजवणारा आणि पोस्टरवर झळकणारा माणूस एकच असतो. तो गेला की नेमकं काय गेलं हे सांगता येत नाही, पण काहीतरी गेलं यावर सगळ्यांचं एकमत असतं. येसमध्ये १९६८ पासून वीसेक माणसं येऊन गेली. काही गेली ती परत आली, रिक वेकमन तर पाच वेळा आला. आज त्या नावाने जो बँड वाजवतो त्यात १९६८ सालचा एकही जण नाही.

आपल्याकडे ‘जागा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गवई घेतो ती जागा त्याच्या गळ्याची असते. मंडळीत रिकामी होते ती जागा दुसरा कोणीतरी भरतो. दुसऱ्या प्रकारच्या जागा भरल्या जात असताना पहिल्या प्रकारच्या जागांचं काय झालं, हे पाहायला येससारखा बँड नाही. कारण सगळं टेपवर आहे, आणि एकच गाणं चार वेगवेगळ्या संचांकडून ऐकता येतं.

सुरुवात साधी. लंडनच्या सोहो भागात ला शास नावाचा क्लब होता. तिथे काम करणारा गायक जॉन अँडरसन आणि बेस वाजवणारा ख्रिस स्क्वायर १९६८ साली भेटले. दोघांनाही आवाजांची सुरावट आवडायची आणि दोघांनाही मोठं काहीतरी करायचं होतं. गिटारला बँक्स, ऑर्गनला टोनी के, ड्रम्सला बिल ब्रुफर्ड. संच जमून दोन-तीन महिने होतात न होतात तोच ब्रुफर्ड शिकायला लीड्स विद्यापीठात निघून गेला, तात्पुरता दुसरा ड्रमर घेतला, तो काही जमेना. नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडचा निरोपाचा कार्यक्रम होता, त्यात आधी वाजवायचं आमंत्रण येसला मिळालं, आणि ब्रुफर्डला परत बोलावलं गेलं. म्हणजे पहिली ये-जा पहिला अल्बम निघण्याच्याही आधीची.

या सगळ्याचा खांब स्क्वायरचा बेस. तो आधी नीट ऐकायला हवा. एरवी रॉक बँडमध्ये बेस गिटारचं काम पेटीच्या भात्यासारखं असतं. चालू असताना लक्ष जात नाही, थांबला की कळतं. येसमध्ये पहिलं लक्ष जातं ते बेसकडेच. १९६०च्या दशकाच्या मध्यात स्क्वायर लंडनमध्ये बूझी अँड हॉक्स या वाद्यांच्या दुकानात कामाला होता आणि नोकरांच्या सवलतीत त्याने रिकनबॅकर कंपनीचा बेस घेतला. (इंग्लंडमध्ये तो १९९९ या मॉडेल क्रमांकाने विकला जायचा. चाहते अजूनही त्याला वर्ष समजून गोंधळतात.) त्याच्यावर कधी फुलाफुलांचा कागद चिकटवला, कधी रंग दिला, कधी खरवडून पुन्हा रंगवला. इतक्या वेळा, की लाकूड झिजून बेस मुळापेक्षा पातळ आणि हलका झाला.

पण खरी करामत वायरिंगची. या बेसला दोन पिकअप असतात, म्हणजे तारांचं कंपन विजेत उतरवणारी चुंबकं. मानेजवळचा जाड, गोल आवाज उचलतो आणि घोडीजवळचा धारदार. स्क्वायरने दोन्हींचे आवाज वेगळे काढून घेतले. जाड आवाज एका वाटेने स्वच्छ पाठवायचा आणि धारदार आवाज दुसऱ्या वाटेने, डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटू देऊन, तापवून. हा खटाटोप कशासाठी? बेसची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ च्या आसपास कंपनं देते. इतक्या खालच्या सुरांना डिस्टॉर्शन दिलं की ते एकमेकांत कालवून नुसता चिखल होतो. खालचा भाग स्वच्छ ठेवून फक्त वरचा तापवला तर पाया हलत नाही आणि वर एक खरखरीत, झणझणीत कड येते. त्यात तारा राउंडवाउंड, म्हणजे बाहेरून गोल तारेचे वेढे असलेल्या. वेढ्यांच्या खाचांत घाम आणि मळ बसला की त्या बोथट होतात, म्हणून हा आवाज हवा असेल तर तारा वरचेवर बदलाव्या लागतात. आणि बोटांऐवजी पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती. पिकने तार छेडली की लगोलग अंगठ्याची कड तिला निसटती लागू द्यायची, मग मूळ सुराच्या वरचे स्वर फुटून बाहेर येतात. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी नीट लागल्यावर एका तारेतून जो स्वरांचा थवा उठतो, त्याचा हा विजेवर चालणारा, जरा उर्मट चुलतभाऊ.

याचा परिणाम बाकीच्यांवर होतो, आणि संचबदलाची गोष्ट इथेच सुरू होते. गिटारने एरवी जो पट्टा व्यापायचा तो बेसने आधीच बळकावलेला. तिथे गिटारवाल्याने जाडजूड कॉर्ड (एकदम छेडलेले अनेक सूर) वाजवले तर दोघांची मारामारी होते. स्टीव्ह हाउ टिकला, कारण त्याने ती मारामारी केलीच नाही. त्याची गिब्सन ईएस-१७५ ही पोकळ पोटाची, जॅझवाल्यांची गिटार. तो बारीक, स्वच्छ, सतत धावणाऱ्या ओळी वाजवतो. मध्येच स्पॅनिश ढंग, मध्येच अमेरिकन खेड्यातली लोकधून, मध्येच मांडीवर आडवी घ्यायच्या जातीची स्टील गिटार. बँक्सचं वाजवणं वाईट नव्हतंच, पण स्क्वायरच्या शेजारी कुठे उभं राहायचं हा प्रश्न हाउने जितका स्वच्छ सोडवला तितका त्याने सोडवला नव्हता. १९७१च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘द येस अल्बम’मध्ये हा फरक पहिल्या मिनिटात ऐकू येतो.

त्याच वर्षी टोनी के गेला. कारण वरवर पाहता क्षुल्लक. त्याला हॅमंड ऑर्गन पुरेसा वाटायचा, बाकीच्यांना मेलोट्रॉन आणि मूग सिंथेसायझर हवे होते. केच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, कारण मेलोट्रॉन हे वाद्य म्हणजे जिवाला घोर. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे चुंबकीय टेपचा एक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकच सूर ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते, सूर ऐकू येतो. टेप आठेक सेकंदांची. ती संपायच्या आत बोट उचलायचं, मग स्प्रिंग तिला मागे ओढते, आणि ती मागे जाईपर्यंत तोच सूर पुन्हा धड मिळत नाही. म्हणून वाजवणाऱ्याला एखाद्या लांब सुराखाली बोटं कोळ्यासारखी सरकवत राहावी लागतात. एकदम दहा बोटं दाबली की मोटरवर ओझं येऊन अख्खं वाद्य सूर सोडतं. दौऱ्यात प्रत्येक गावात विजेचा दाब वेगळा, सभागृहात दमट हवा, ट्रकमध्ये आदळआपट. टेप गुंतली की ती सोडवायला आख्खं झाकण काढा. केने नको म्हटलं ते अगदीच आळसाने नव्हे.

त्याच्या जागी आलेल्या रिक वेकमनकडे हे सगळं होतं आणि ते वाजवायला लागणारी शिस्तशीर पियानोची तालीमही. (मेलोट्रॉनचा छळ तोही विसरला नाही. पुढे त्याने सूर संपूच नये म्हणून कार्ट्रिजमधल्या अखंड फिरणाऱ्या टेपवर चालणाऱ्या बायरोट्रॉन नावाच्या वाद्यात पैसे घातले. ते बुडाले.) पण एवढा पसारा विकत घ्यायचा म्हणजे पैसा लागतो. म्हणून १९७१ अखेरीच्या ‘फ्रॅजाइल’ अल्बमला घाई होती, आणि त्यात पाच जणांचे पाच स्वतंत्र छोटे तुकडे आले, कारण पाच जणांनी एकत्र बसून रचायला जो वेळ लागतो तो त्यांत वाचतो. रसिकांनी पुढे त्यात मोठं कलात्मक धोरण पाहिलं. त्यातला स्क्वायरचा तुकडा बहुतांशी एकावर एक चढवलेल्या बेसच्या थरांचा आहे. वर वर्णन केलेला आवाज सुटा करून ऐकायचा असेल तर तो तिथे मिळेल.

मग १९७२, आणि ‘क्लोज टु द एज’. शीर्षकगीत १८ मिनिटांवर, एलपीची आख्खी एक बाजू. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड याच्याबरोबर ते तुकड्या-तुकड्यांनी तयार झालं. थोडे बार, म्हणजे थोडी आवर्तनं, वाजवायचे, चांगलं उतरलं की तेवढी टेप ब्लेडने कापून आधीच्या तुकड्याला चिकटवायची, मग पुढचं ठरवायचं. एकदा एक तुकडा सफाई कामगाराने कचऱ्यात टाकला आणि मंडळी टेपच्या भेंडोळ्यात हुडकत बसली, अशी कथा बँडवाले सांगत आले आहेत. मधल्या संथ भागातला पाइप ऑर्गन स्टुडिओतला नाही. तो सेंट जाइल्स क्रिपलगेट या लंडनमधल्या चर्चमध्ये जाऊन वाजवलेला आहे. अशा रीतीने जमलेली रचना सलग अशी कोणी कधी वाजवलेलीच नसते. टेप तयार झाल्यावर ती वाजवणाऱ्यांनाच पुन्हा शिकावी लागते.

ती शिकायच्या आत ब्रुफर्ड निघून गेला. अल्बम पुरा झाला आणि तो किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये दाखल झाला. इतकं रंगात आलेलं काम सोडून जाण्याची त्याला शिक्षाही झाली. नव्या ड्रमरला आपल्या रॉयल्टीतला वाटा द्यावा लागला. नवा ड्रमर अ‍ॅलन व्हाइट. जॉन लेननबरोबर वाजवलेला, सरळ, वजनदार हाताचा माणूस. ३० जुलैला अमेरिकेत डॅलसला दौऱ्याचा पहिला कार्यक्रम, हाताशी दिवस तीन. व्हाइट म्हणाला, तीन महिने बघू, मला पटलं नाही किंवा तुम्हाला पटलं नाही तर सोडून देऊ.

हे दोघे शेजारी ठेवून ऐकावेत. ‘क्लोज टु द एज’ अल्बमवरचंच ‘सायबेरियन खात्रू’ घ्या. मुख्य सुरावट १५ मात्रांची, आठ आणि सात अशी मोडणारी. आपण पंधरा मात्रांची सवारी म्हणतो, तिचं वजन वेगळं, पण कानाला तो शेवटचा अर्धा पाय उचललेला राहणं ओळखीचं वाटेल. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर ब्रुफर्ड आहे. त्याचा स्नेअर (समोरचा खणखणीत छोटा ड्रम) कोरडा, काडी कडेवर आणि कातड्यावर एकदम पडल्यामुळे येणारा ‘टक्’ असा. अपेक्षित मात्रा तो मुद्दाम रिकामी सोडतो आणि पुढच्या फटीत ठोका टाकतो. १९७३च्या ‘येससाँग्ज’ या तीन एलपींच्या कार्यक्रम-अल्बमवर तेच गाणं व्हाइट वाजवतो. मात्रा तितक्याच, पण सम ठसठशीत. ब्रुफर्डकडे ऐकणारा मात्रा मोजत बसतो, व्हाइटकडे मोजणं विसरून मान हलवतो. त्याच अल्बमवर एक-दोन गाणी ब्रुफर्डच्या काळातली ठेवलेली आहेत, त्यामुळे एका पाकिटात दोन्ही हात मिळतात. कोण सरस हा वाद पन्नास वर्षं चाललाय. ब्रुफर्डची कल्पकता व्हाइटकडे नव्हती, हे खरं. पण ब्रुफर्डच्या अवघड रचना मोठ्या मैदानातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवल्या त्या व्हाइटने, आणि त्या तीन महिन्यांच्या बोलीवर तो मरेपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं राहिला.

जाता जाता ब्रुफर्डने एक काम केलं, तेही नकळत. मार्च १९७३मध्ये त्याच्या लग्नात किंग क्रिमसनचा तालवादक जेमी म्यूर अँडरसनला भेटला आणि त्याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. दौऱ्यात टोकियोच्या हॉटेलात अँडरसन ते वाचत होता. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार भाग दिलेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. तळटीपच ती. पण त्यातून एलपीच्या चार बाजूंचा, ऐंशी मिनिटांचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ निघाला. मराठी वाचकाला त्याची शीर्षकं वाचताना गंमत वाटेल. पहिल्या बाजूच्या नावात ‘रिव्हीलिंग’, म्हणजे प्रकट झालेली ती श्रुती. दुसऱ्या बाजूच्या नावात ‘रिमेंबरिंग’, ती स्मृती. तिसरी ‘एन्शंट’, पुराण. चौथी ‘रिच्युअल’, तंत्र. इंग्लंड-अमेरिकेतले समीक्षक या नावांत गूढ शोधत असताना ते अक्षरशः शब्दकोशातून उतरवलेलं होतं. संगीतात भारतीय असं काही नाही, आणि ते बरंच झालं. चार तंबोरे आणि एक सतार घालून बसायचा मोह त्या काळात सोपा होता.

वेकमनला मात्र हे पाणी घातलेलं दूध वाटलं. ऐंशी मिनिटं भरायला चाळीस मिनिटांचा ऐवज ताणलाय असं त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. दुसरी आणि तिसरी बाजू ऐकताना ते जाणवतं, चौथीच्या शेवटी हाउ आणि स्क्वायर जे करतात त्यात विसरायला होतं. याच अल्बमच्या दौऱ्यात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना वेकमनच्या ऑर्गनखाली दुरुस्तीसाठी आडवा पडलेला तंत्रज्ञ त्याला विचारतो, नंतर जेवायला काय? वेकमन यादी सांगतो: चिकन विंदालू, पुलाव, सहा पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, भरलेला पराठा. थोड्या वेळाने ते सगळं रंगमंचावरच येतं, आणि तो कीबोर्डवर मांडून जेवतो. श्रुती-स्मृतींच्या मध्यभागी गोव्याचा विंदालू. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो, तेव्हा त्यात मीठमसाला धरूनच चालावं. १९७४मध्ये त्याने बँड सोडला.

मधली वर्षं भराभर. स्वित्झर्लंडचा पॅट्रिक मोराझ आला, ‘रिलेयर’ झाला. त्यातल्या लढाईच्या प्रसंगासाठी व्हाइटने भंगारातून गाड्यांचे सुटे भाग आणून बडवले. १९७६मध्ये मोराझला नारळ, वेकमन परत. माँत्रोच्या स्टुडिओत बसलेला बँड आणि शेजारच्या व्हेव्हे गावातल्या चर्चमध्ये ऑर्गनवर बसलेला वेकमन, अशी टेलिफोनच्या तारेने जोडणी करून ‘गोइंग फॉर द वन’मधल्या दोन रचना वाजवल्या गेल्या. ‘अवेकन’ त्यातलीच. येसचं काही एकच ऐकायचं असेल तर ती ऐकावी. १९७९ अखेर पॅरिसमध्ये पुढच्या अल्बमचे प्रयत्न फसले, व्हाइटने रोलर स्केटिंग करताना पाय मोडून घेतला, आणि वर्ष उलटताच अँडरसन व वेकमन दोघेही बाहेर.

गायकाची जागा रिकामी होणं हे वेगळं संकट. ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ या गाण्याने नुकताच इंग्लंडच्या यादीत पहिला नंबर गाठलेली बगल्स ही जोडी, ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स, त्याच मॅनेजरकडे होती. हॉर्नला गायकाच्या जागी उभं केलं. नव्या ‘ड्रामा’ अल्बममधली गाणी त्याच्या गळ्याला बेतलेली, तिथे तो छान गातो. अडचण जुन्या गाण्यांची. अँडरसनचा आवाज मुळातच उंच. चोरटा आवाज न लावता, बोलल्यासारखा तो तिथे गातो. हॉर्नला तीच पट्टी रोज रात्री ताणून गाठावी लागायची. मग पट्टी उतरवायची की? आपल्याकडे नवा गायक नट काळी चारचं पद काळी दोनमध्ये गातो, पेटीवाला बोटं सरकवतो, झालं. गिटारवर तसं होत नाही. ‘राउंडअबाउट’ची सुरुवात घ्या: बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून काढलेले घंटेसारखे सूर आणि मोकळ्या सोडलेल्या खालच्या तारा. त्या ई मायनरमध्येच जागेवर आहेत. पट्टी दोन सुरांनी उतरवली की मोकळ्या तारा चुकीच्या सुरात वाजतात. मग सगळ्या तारा ढिल्या करा, किंवा ती सगळी बोटं नव्याने बसवा आणि मूळ खणखणाट घालवा. म्हणून पट्टी तीच राहिली आणि गळा फाटला. अमेरिकेत मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे तीन कार्यक्रम भरलेले गेले, इंग्लंडमध्ये मात्र लोकांनी अँडरसनच्या नावाने ओरडा केला. दौरा संपला आणि बँडही.

हॉर्नने यातून घेतलेला धडा मोलाचा. गायक म्हणून नव्हे, निर्माता म्हणून तो १९८३मध्ये परतला. तेव्हा स्क्वायर, व्हाइट, परत आलेला टोनी के आणि दक्षिण आफ्रिकेचा गिटारवादक-गीतकार ट्रेव्हर रेबिन मिळून सिनेमा नावाचा वेगळाच बँड करत होते. अल्बम बराचसा तयार असताना अँडरसनला गायला बोलावलं, आणि त्याचा आवाज चढल्याबरोबर सगळ्यांना कळलं की याला सिनेमा म्हणण्यात अर्थ नाही. माणसं तीच, गाणी तीच; एक गळा आला आणि पाटी बदलली. कॅटलॉगमधला क्रमांक हेच अल्बमचं नाव झालं, ‘९०१२५’, आणि ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. के मात्र मध्येच भांडून निघून गेला होता, त्याच्या जागी एडी जॉब्सन आला, व्हिडिओचं चित्रीकरण झालं, मग के परतला. त्यामुळे त्या गाजलेल्या व्हिडिओत जॉब्सन ओझरता दिसतो, अल्बमवर तो नाही. अल्बमवरचे बरेच कीबोर्ड तर रेबिनने वाजवलेले. १९७०चं कव्हर पुन्हा एकदा.

पाटी कोणाची, हा तंटा १९८९मध्ये वकिलांपर्यंत गेला. बाहेर पडलेल्या अँडरसनने ब्रुफर्ड, वेकमन आणि हाउ यांना जमवलं, पण नाव स्क्वायरच्या गटाकडे. मग चौघांची आडनावं ओळीने लावून अल्बम काढला, वकिलाच्या कचेरीच्या दारावर असते तशी पाटी. दोन वर्षांनी दोन्ही गट एकाच तंबूत आले. ‘युनियन’ अल्बमवर हाउच्या आणि वेकमनच्या नकळत बाहेरच्या वादकांनी त्यांचे भाग पुन्हा वाजवलेले. वेकमन त्याला ‘अनियन’ म्हणतो, कारण ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. दौरा मात्र झकास. गोल, फिरता रंगमंच, त्यावर आठ जण. दोन गिटारवादक, दोन कीबोर्डवाले, दोन ड्रमर. व्हाइटने नेहमीचे ड्रम्स घेऊन पाया सांभाळायचा, ब्रुफर्डने इलेक्ट्रॉनिक पॅडवर वरची नक्षी काढायची. बसायला जागा सगळ्यांना, वाजवायला जागा कोणालाच पुरेशी नाही. बेसवाला मात्र एकच, आणि दुसरा असावा असं कोणाला सुचलंही नाही.

१९९०च्या दशकातलं आणि त्यानंतरचं बरंचसं मी सुचवणार नाही. ‘द लॅडर’ आणि कीबोर्डवाल्याऐवजी ऑर्केस्ट्रा घेतलेला २००१चा ‘मॅग्निफिकेशन’ तेवढे ऐकावेत.

२००८मध्ये अँडरसन श्वसनाच्या गंभीर आजाराने पडला, ठरलेला दौरा रद्द झाला. स्क्वायरला यूट्यूबवर एक गायक सापडला, कॅनडाचा बेन्वा दाविद, येसचीच गाणी वाजवणाऱ्या नकल बँडमधला. बँडचं नाव ‘क्लोज टु द एज’. कीबोर्डला रिकचा मुलगा ऑलिव्हर वेकमन. बापाच्या जागी मुलगा आणि मूळ नटाच्या जागी त्याची हुबेहूब नक्कल करणारा. नाटक मंडळ्यांना यात नवं काही वाटलं नसतं. रॉकवाल्यांनी नाकं मुरडली. चार वर्षांनी दाविदचाही आवाज आजारपणात गेला, तेव्हा आलेला जॉन डेव्हिसनही येसची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये गायलेला. म्हणजे गायकाच्या खुर्चीसाठी बँडने निकष ठरवून टाकला होता: पट्टी. १९८०मध्ये हॉर्नचा गळा फाटल्यावर तो ठरला असं म्हणायला हरकत नाही. डेव्हिसन ती पट्टी सहज घेतो. त्याच्याकडे अँडरसनचे उच्चार आहेत, उंची आहे. अँडरसन निरर्थक शब्द ठाम विश्वासाने गातो, तो विश्वास शिकता येत नाही.

याच काळातली एक रेकॉर्ड या सगळ्याचा कळस आहे. १९८०च्या दौऱ्यात हॉर्न एक नवं गाणं गायचा, ते कधी स्टुडिओत उतरलं नव्हतं. २०११मध्ये त्यातून ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ हा अल्बम झाला, हॉर्न निर्माता, गायला दाविद. २०१८मध्ये हॉर्नने दाविदचा आवाज काढून त्या जागी स्वतः गाऊन तो पुन्हा काढला. त्यामुळे हाउ, स्क्वायर, व्हाइट, डाउन्स आणि हॉर्न, म्हणजे ‘ड्रामा’चा नेमका संच, ३८ वर्षांनी दुसरा अल्बम घेऊन आला. त्यातला स्क्वायर तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती.

तो २७ जून २०१५ला अमेरिकेत फीनिक्स इथे रक्ताच्या कर्करोगाने गेला. तोवरच्या येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर वाजवलेला तो एकटाच. जाण्याआधी त्याने आपली जागा बिली शेरवुडच्या हवाली केली. शेरवुड बँडमध्ये आधीही होता आणि स्क्वायरबरोबर त्याने बरंच काम केलेलं; दोन पिकअपचं गणित, पिक, तारा, सगळं त्याला ठाऊक. त्याचा आवाज बरोबर आहे. पण स्क्वायर सुराला किंचित उशिरा, ऐटीत पोचायचा, आणि त्या अर्ध्या क्षणात बाकीचे त्याची वाट पाहायचे. शेरवुड वेळेवर येतो. मे २०२२मध्ये व्हाइटही गेला, ‘क्लोज टु द एज’ला पन्नास वर्षं होत असतानाच्या दौऱ्याच्या तोंडावर. काही वर्षं त्याच्या शेजारी बसून वाजवणारा जे शेलेन मुख्य ड्रमर झाला. आता बँड चालवतो तो स्टीव्ह हाउ. अँडरसन तिकडे द बँड गीक्स या तरुण अमेरिकन वादकांना घेऊन तीच गाणी गातो, आणि अनेक रात्री ती जास्त तडफेने वाजतात. पाटी एकीकडे, गळा दुसरीकडे.

७ एप्रिल २०१७च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये येसचा समावेश झाला. तेव्हा येसच्या माणसांचे दोन गट, एक हाउचा आणि एक अँडरसन, रेबिन व वेकमन यांचा, बाजारात होते आणि एकमेकांशी धड बोलत नव्हते. ब्रुफर्ड आला होता, वाजवला नाही. ‘राउंडअबाउट’ वाजवायचं ठरलं, आणि रश बँडचा गेडी ली स्क्वायरचा भाग वाजवायला उभा राहिला. लहानपणी याच रेकॉर्डी ऐकून शिकलेला, त्यामुळे एकही सूर इकडचा तिकडे नाही. मग दुसरं गाणं, ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’. ते रेबिनचं, त्याची गिटार रेबिनच वाजवणार. हाउ त्या अल्बमवर नव्हता. १९८३मध्ये तो दुसऱ्याच बँडमध्ये होता. त्याने आपली गिटार ठेवली, बेस गळ्यात घातला, आणि स्क्वायरचा भाग वाजवला.